गाडीतली हवा आन नातीचे पाय

माझा बाप कल्हईवाला. येवल्याकडचं आमचं गाव, पण बाप गावात कमीच, सायकलीला भाता बांधायचा, कोळशाचं पोतं बांधायचा आन या गावातून त्या गावात, दिवाळीच्या आधी तर त्याला घर दिसायचं नाय. शाळेला सुट्टी असली की मला पुढच्या दांडीवर बसवून न्यायचा. पाराजवळ खड्डा करायचा, त्यात कोळसे, आन भाता हलवायला मी. बाया पितळी पातेली, पराती, तांबे घेऊन यायच्या, बाप पातेलं तापवायचा, नवसागर टाकायचा, तो पांढरा धूर नाकात गेला की डोळ्याला पाणी, आन मग कथील टेकवून कापसाच्या बोळ्यानं असा हात फिरवायचा की पातेलं आतून आरशासारखं. मी म्हणायचे, बाबा, मला कवा फिरवू देशील, तर म्हणायचा, आदी हवा शिक, हवा जास्त झाली तर कथील जळतं, कमी झाली तर बसत नाय. म्हंजी काय सांगू तुम्हाला, माझं शिक्षण सातवीपर्यंत शाळेत आन बाकीचं भात्यावर.

मग घरोघर स्टील आलं, कल्हई कोण करणार. तवर मी लग्नाची झाले. नाशिकचं स्थळ आलं. सासरे आदी भांड्यांच्या कारखान्यात ठोक्याच्या कामाला व्हते, तांब्याचे हंडे ठोकायचे, ते काम बसलं तसे रेडिएटरच्या कामाला लागले, कारण तवा रेडिएटर तांब्या-पितळेचेच असायचे. रेडिएटर म्हंजी गाडीच्या तोंडाशी जाळी असते ना, इंजिनातलं तापलेलं पाणी तिच्यातून फिरून गार व्हतं, ती. ती गळाया लागली की कथलाचा डाग द्यायचा. आमच्या ह्यांनीबी तेच उचललं. लग्न झालं आन पहिल्यांदा ह्यांचा शर्ट धुवायला घेतला, तर त्याला नवसागराचा वास! दुसऱ्या पोरी सासरी जाऊन रडत्यात, मी तो शर्ट नाकाला लावून हसत बसले. सासू म्हणली, सुमन येडी हाय का काय. पण मला त्या घरात परकं वाटलंच नाय, आता वास तोच म्हणल्यावर काय वाटायचं.

मुंबई नाक्याच्या पुढं आमचं दुकान, पुढं पत्र्याचं शेड आन मागं एक खोली, त्या खोलीतच सगळा संसार झाला. माझं काम हौदाचं. शेडात सिमेंटचा हौद हाय, पाण्यानं भरलेला. रेडिएटरची दोन तोंडं बंद करायची, तिसऱ्यातून हवा मारायची आन हौदात बुडवायचा, जिथून बुडबुडा येतो तिथं भोक. ऐकायला सोपं वाटतं. पण बुडबुड्या-बुडबुड्यात फरक असतो बरं का, जाळीत अडकलेली उगीचची हवा असती ती एकदाच येती आन संपती, भोकाची हवा येतच राहती, बारीक, एकामागं एक, मुंगीची रांग लागल्यागत. हे डाग द्यायचे आन मी सांगायचे कुठं द्यायचा. गिऱ्हाईक यायचं ते ह्यांनाच हाक मारायचं, ओ भाऊ, बघा जरा. हे म्हणायचे, बघायचं काम बाईचं हाय, मी नुसता चिकटवतो. ठोकून ठोकून ह्यांचे कान गेलेत थोडे, त्यामुळं बोलणं म्हंजी ओरडणंच, नवं माणूस आलं की त्याला वाटतं भांडण चाललंय.

आमच्या धंद्यात एक रीत हाय, ती सांगते, कारण पुढं तिचंच रामायण हाय. इंजिनात एक बारका वॉल्व्ह असतो, थर्मोस्टॅट म्हणत्यात, इंजिन गार असलं तर तो पाणी अडवून धरतो आन तापलं की सोडतो. आता आपल्याकडं ऊन किती, कसाऱ्याचा घाट चढताना गाड्या तापत्यात, तर गिऱ्हाईक सोताच म्हणतं, तो वॉल्व्ह काढून टाका, पाणी सारखं फिरू द्या. काढून टाकायचा. आन हीटरचे दोन पाइप असत्यात, इंजिनाचं गरम पाणी डॅशबोर्डाच्या आत नेणारे, ते गळाया लागले की दोन्हीची तोंडं एकमेकाला जोडून टाकायची, नाशिकला हीटर कुणाला लागतो! सगळे असंच करत्यात, मालेगावला बघा, धुळ्याला बघा. आमच्याकडं तर असल्या काढलेल्या वॉल्व्हचा डबा भरला व्हता, माझी अश्विनी लहान असताना त्याचीच भातुकली खेळायची, एक वॉल्व्ह म्हंजी एक कप, पाव्हण्यांना चहा.

अश्विनी माझी एकुलती एक. नांदगावकडं दिली, गावापासून आत मळ्यात घर, कांदा हाय, थोडी डाळिंबं हायेत, जावई योगेशराव शांत माणूस, कमी बोलणारा. आन विहीण कमलबाई, ती दोघांचं मिळून एकटी बोलती. तिचं माहेर सटाण्याकडचं, बोलणं सगळं अहिराणी, पहिल्या पहिल्यांदा मला निम्मं कळायचं नाय, मी आपली हसायचे, तिला वाटायचं मला पटलं. बाई कामाची, मनाची मोठी, पण तिच्या सासूनं जे सांगितलं ते दगडावरची रेघ.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आपली रीत. मी खोलीला रंग देऊन घेतला, शेडातली भट्टी पार लांबच्या कोपऱ्यात नेली. पण सातवा संपतो न संपतो तोच अश्विनीच्या पोटात दुखायला लागलं, नांदगावच्या डॉक्टरांनी थेट नाशिकला पाठवलं, आन पोरगी झाली. केवढी, तर माझ्या ह्या ओंजळीत मावंल एवढी. काचेच्या पेटीत ठेवली. मी काचेबाहेरून बघायचे, तिची छाती खालीवर व्हायची तर माझीबी तशीच खालीवर. हे बाहेरच्या बाकड्यावर बसायचे, कुणी काय विचारलं तरी ओरडून बोलायचे नाय, तेवढे दिवस हे हळू बोलले, त्यावरून समजा.

मग पेटीतून काढली, घरी न्या म्हणले. पण कुठल्या घरी? आमच्या खोलीत नवसागराचा, अॅसिडाचा धूर, डॉक्टर म्हणले असल्या हवेत एक दिवसबी नको. मग मळ्यात न्यायचं ठरलं. रीत मोडली म्हणून मी जरा खट्टू झाले, पण कमलबाईनं माझा हात धरून सांगितलं, माहेर तुन्हं, घर मन्हं, पोर दोन्हीसनी शे. तवापासून ती बाई मला आवडाया लागली, बाकीचं काय असंल ते असो.

निघताना डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या. एक, हिला गार पडू द्यायचं नाय, आईच्या छातीशी उघडी धरायची, वरून कपडे, आन सारखं पायाला हात लावून बघायचं, पाय गार लागले म्हंजी पोरगी गारठली, तिला रडून सांगता येणार नाय. आन दुसरं, वेळेआदी झालेल्या पोरांच्या डोळ्यांचा पडदा कच्चा असतो, तो तपासायचे डॉक्टर दवाखान्यात आठवड्यातून एकदाच येत्यात, सकाळी आठला, ती तपासणी चुकवू नका, उशीर झाला तर नजर जाऊ शकते. आता जानेवारी, थंडीची लाट, द्राक्षवाले बागांत शेकोट्या पेटवू लागलेले, आन नांदगावहून आठला नाशिकला पोचायचं म्हंजी पहाटे निघायचं. आदल्या दिवशी येऊन राहावं तर कुठं, आमच्याकडं धूर, लॉजवर गर्दी आन रोगराई, शिवाय कमलबाई म्हणाली सव्वा महिना बाळंतिणीचा मुक्काम दुसऱ्या घरी नको, एका दिवसात न्या आन आणा. सव्वा महिना तर दवाखान्यातच सरत आलाय म्हणलं, तर म्हणाली, तो धरायचा नाय, घरी आली तवापासून मोजायचा. आता काय बोलता!

म्हंजी पेच कळला का तुम्हाला, नेलं नाय तर डोळे, आन नेलं तर थंडी. योगेशरावांची गाडी जुनी, मालेगावातून घेतलेली, दारांच्या फटीतून वारं येणारी. आन तिचा हीटर? कुणीतरी आदीच पाइप जोडून बंद केलेला, वॉल्व्ह गायब. मी म्हणलं, गाडी दुकानात आणा. हे खूश झाले, एवढे दिवस नातीसाठी काय करावं ते कळत नव्हतं, आता हातात काम आलं. नवा वॉल्व्ह बसवला, हीटरची जाळी हौदात बुडवून मी बघितली, एक बुडबुडा नाय, पाइप नवे घातले, हिरवं कूलंट भरलं. भरदुपारी हे गाडीत बसले, काचा बंद केल्या, हीटर चालू केला. थोड्या वेळानं घामानं डबडबून बाहेर आले, म्हणले, हे बघ, भट्टी झालीये भट्टी! मी विचारलं, पाइपांतली हवा काढली का नीट? म्हणले, काढली, काढली. आता मला सांगा, दुपारच्या उन्हात काचा लावून बसल्यावर घाम कशाचा आला, हीटरचा का उन्हाचा? पण तवा माझ्याबी डोक्यात आलं नाय. नाशिककराचा जन्म इंजिन गार करण्यात गेला, हीटर तपासायचा कसा ते कुणाला ठाऊक! थंडीचं काम उन्हात तपासलं आमी.

आमी तपासणीच्या आदल्या दुपारी मळ्यात गेलो, मी आन योगेशराव, हे दुकानात राहिले. वाटेत ऊन व्हतं, काचा उघड्या, हीटर कोण लावतंय.

पहाटे उठलो तर अशी थंडी की बादलीतल्या पाण्यात हात घालवंना. अश्विनीच्या कानाला रुमाल, वर शाल, पोरीला छातीशी बांधलेली, नुसतं एक नाक दिसत व्हतं. योगेशरावांनी गाडी चालू करून ठेवली, इंजिन तापलं, काटा वर आला. मी आत बसून हीटर फिरवला. गार वारा. लाल खुणेपर्यंत फिरवला, गारच. खालून पायावर असा वारा आला की विहिरीच्या तोंडाशी बसल्यागत. आन तेवढ्यात मला धुराचा वास आला. मागं वळून बघते तर कमलबाई मागच्या सीटच्या पायाशी शेगडी ठेवत व्हती, फुललेल्या निखाऱ्यांची, वर ओवा टाकलेला.

मी म्हणलं, कमलबाई, ती काढा आदी. ती म्हणाली, ऱ्हावू दे गाडीमा, थंडी लई शे, पोरले वारा लागी जाई. मी म्हणलं, काचा बंद करून कोळसा ठेवायचा नाय. ती चिडली, म्हणाली, मन्हा पाची पोरं शेगडीनी ऊबवर वाढनात, तू मले शिकाडू नको. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवायची रीत खरीये, पण आपल्या खोल्यांना कौलांतून, दारांतून हवा असती. मला आमचं दुकान आठवलं. एका हिवाळ्यात थंडी लागती म्हणून ह्यांनी शटर खाली ओढून आत भट्टीवर काम केलं, मी भाजी घेऊन आले तर शटरच्या आत हे जमिनीवर आडवे, तोंड लाल, ओकलेले, शुद्ध नाय. बाहेर ओढलं तवा शुद्धीवर आले. धूर दिसतबी नव्हता हो, वासबी नव्हता. ते मी सगळं कमलबाईला सांगितलं नाय, वेळ कुठं व्हता, मी शेगडी उचलली आन अंगणात नेऊन ठेवली, हाताला चटका बसला त्याचं काय नाय. ती ओट्यावर बसली आन तोंड फिरवलं. योगेशराव मधी उभे, इकडं आई तिकडं सासू, म्हणले, मग काय करायचं, नकोच जायला का? गावात दुसरी बंदिस्त गाडी एकच, ती लग्नाला गेलेली.

मी ह्यांना फोन लावला. हे ओरडले, पाणी कमी असंल, भर! हवा बसली असंल! झाकण उघड! फोन ठेवायच्या आत योगेशराव झाकणाकडं हात नेत व्हते, मी त्यांचा हात झटकला, जावयाच्या अंगाला हात लावला मी, पण तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर उडतं. इंजिन बंद करा म्हणलं, वरून ओलं गोणपाट टाका, थंडीचा तेवढा तरी उपयोग. आन थांबलो. ते थांबणं लय वाईट, कारण प्रत्येक क्षण रस्त्यातला कमी व्हतोय हे कळतंय आन हात बांधलेले. मी बोटं लावून बघितलं, हीटरच्या दोन पाइपांतला एक कोमट, दुसरा बर्फ. म्हंजी पाणी जातंय कुठंतरी पण पलीकडं निघत नाय, मधी हवा अडकलीये. हीटरची जाळी वर असती, डॅशबोर्डाच्या मागं, आन हवा कायम वर जाऊन बसती, हौदात मी जन्मभर तेच बघितलं. पण तिला काढायची कशी ते सुचंना. नुसतं झाकण उघडून इंजिन चालवलं तर ह्यांनी दुकानात केलं तसंच व्हणार, हवा तिथंच.

तवर इकडं अश्विनीनं बोंडल्यानं दूध पाजलं, आन कमलबाईनं रागातबी पोरीला घेतलं, खांद्यावर उभी धरली, पाठीवरून हळू हळू हात फिरवू लागली, कारण दूध पिऊन आडवी ठेवली तर पोटात वारा राहतो. उभी धरली, थोडं वर केलं, थोपटलं, आन त्या एवढ्याशा जिवानं ढेकर दिली. ढेकर केवढी, मुंगीएवढी. आन माझ्या डोक्यात उजेड पडला. मी म्हणलं, योगेशराव, गाडी उभी करा! ते म्हणले, उभीच हाय. अहो, उभी म्हंजी तोंड वर, चढावर न्या, रेडिएटरचं तोंड सगळ्यात वर पाहिजे, मग हवा तिथं येईल.

घराच्या मागं शेततळं हाय, त्याच्या भरावावर ट्रॅक्टर चढतो असा चढ. तिथं गाडी चढवली, मागच्या चाकांना दगड लावले. ओल्या गोणपाटानं झाकण धरून एक आटा फिरवला, फुस्स करून वाफ गेली, मग पुरतं काढलं. हीटर लाल खुणेवर ठेवा म्हणलं, इंजिन चालू करा, हळू. डिकीत ह्यांनी कूलंटचा कॅन टाकला व्हता, तो मी बारीक धारेनं ओतत गेले. आन काय सांगू तुम्हाला, त्या तोंडात बुडबुडे यायला लागले, भुळुक, भुळुक, एक आला की पाणी खाली जायचं, मी अजून ओतायचे. वरचा जाड पाइप मी मुठीत धरून दाबायचे आन सोडायचे, दाबायचे आन सोडायचे, लहानपणी भाता हलवायचे तसाच हात चालला बघा, बाप जवळ उभा असता तर म्हणला असता आता बरोबर हवा धरलीस.

पण हीटरचा दुसरा पाइप अजून गार. मी स्क्रू-ड्रायव्हर मागितला, त्या पाइपाची क्लिप सैल केली, पाइप जरासा मागं ओढला. सुईच्या भोकाएवढी फट. त्यातून हवा सुटाया लागली, स्स्स करून, मग थुंकल्यागत थोडं पाणी, परत हवा, परत पाणी. कमलबाई पोरीला अश्विनीकडं देऊन कवा माझ्या मागं येऊन उभी राहिली मला कळलं नाय, तिनं बॅटरीचा उजेड बरोबर क्लिपेवर धरला व्हता. मग एकदम हवा थांबली आन नुसतं पाणी आलं, गरम, माझ्या मनगटावरून ओघळलं. क्लिप आवळली. थांबले. तोंडातले बुडबुडे बघितले, आदी मोठे, मग बारके, मग एकेकटे, मग पाणी शांत. हौदात रेडिएटर पास झाला की पाणी असंच शांत व्हतं. दोन्ही पाइपांना हात लावला, दोन्ही सारखे गरम. झाकण लावलं.

मी काय आत बसले नाय, मला भीती वाटत व्हती. कमलबाईलाच म्हणलं, तुमी बघा. ती पुढच्या सीटवर बसली, जाळीपुढं तळहात धरला. तसाच धरून राहिली. मग दुसराबी हात धरला, मग गालाला लावला, आन माझ्याकडं बघून म्हणाली, चला आता, उशीर व्हई ऱ्हायना. आन शेगडीकडं जाऊन त्यातली चिमूटभर राख आणून पोरीच्या कपाळाला लावली, म्हंजी तिच्या सासूचाबी मान राहिला.

निघालो. मागं अश्विनी, तिच्या एका बाजूला मी आन दुसऱ्या बाजूला कमलबाई, पोरगी मधी. काच बोटभर उघडी ठेवली व्हती, तरी गाडीत अशी ऊब की योगेशरावांनी मफलर काढला. मी शालीत हात घालून पोरीच्या पायाला लावायचे, मी हात काढला की कमलबाई घालायची, वाटेत आमचं तेवढंच चाललं व्हतं. गरम हायेत का? हायेत. परत, गरम हायेत का? हायेत ना माय! चांदवडजवळ डोंगरामागून ऊन आलं, काचेवरचं दव उतरलं, आन अश्विनी झोपली. तिच्या तोंडाकडं बघितलं आन मला रडू आलं, गपचूप रडून घेतलं. कमलबाईनं बघितलं, तिनं आपल्या पदरानं माझं तोंड पुसलं, पदराला ओव्याच्या धुराचा वास व्हता.

दवाखान्यात पोचलो तवा आत बोलावणं चालूच झालं व्हतं. नर्सबाईनं पोरीला टेबलावर घेतलं, गुंडाळलेलं सोडलं आन पहिल्यांदा पायालाच हात लावला. म्हणाली, कुठून आलात? नांदगावकडून. एवढ्या थंडीत? पाय तर मस्त गरम हायेत हिचे. बस, तेवढंच बोलली ती आन कामाला लागली. तिला काय माहीत ती काय बोलून गेली. हे बाकड्यावर आदीच येऊन बसले व्हते, मी बाहेर येऊन सांगितलं, पाय गरम हायेत म्हणली. ह्यांना ऐकू आलं नाय, काय? म्हणले. मी मोठ्यानं सांगितलं, पाय! गरम! सगळा दवाखाना वळून बघायला लागला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पडदा अजून कच्चा हाय पण वाढतोय बरोबर, दर आठवड्याला आणत जा. मग आणलं, दर आठवड्याला, त्याच गाडीतून, आन हिवाळा सरता सरता ते म्हणले, आता काळजी नाय, नजर चांगली हाय.

आता ती तीन वर्षांची हाय. नजर कशी म्हणाल तर हौदात टाचणी पडली तरी तिला दिसती. मुंबई नाक्याला आली की हौदाच्या काठाला लोंबकळती, मी कमरेला धरते, आन नळी तोंडात धरून पाण्यात बुडबुडे काढती, म्हणती, आजी, भोक सापडलं! आता धंदा पयल्यासारखा नाय, नवे रेडिएटर अॅल्युमिनियमचे आन प्लास्टिकचे, त्याला डाग बसत नाय, बिघडला की बदलत्यात. तरी जुन्या गाड्या येत्यात, आमचं भागतं, दुपारी जेवण झालं की शेडात सावलीला पडता येतं, अजून काय पाहिजे. ह्यांच्याकडं कुणी हीटरचं काम घेऊन आलं, थंड मुलखात देवाला जाणारे असत्यात, तर हे म्हणत्यात, दुपारी नाय, पहाटे या, पहाटेच तपासून देणार. गिऱ्हाईकाला वाटतं म्हातारा फिरला. मी हसते. आन काढलेल्या वॉल्व्हचा तो डबा अजून हाय, त्यात आता नातीचा चहा व्हतो.

कमलबाईचा फोन येतो रोज, एकमेकींचं निम्मं बोलणं अजून कळत नाय, तरी अर्धा तास जातो. थंडी पडली की पहिला प्रश्न, योगेशनी गाडीना हीटर देखा का? हा, बघितलाय म्हणते. आन नात आली की दारातच मी खाली बसते, आदी तिच्या पायाला हात लावते, मग तोंडाकडं बघते. ती पाय ओढून घेती, खिदळती, म्हणती, आजी, गुदगुल्या नको ना. तिला वाटतं मी गुदगुल्याच करते. तसंच वाटू दे. आता तुमी एवढ्या लांबून आलात, माझं ऐकत बसलात, चहा घेतल्याशिवाय उठू नका, आन तुमच्याबी लेकराबाळांचे पाय असेच गरम राहोत.